कंपाचा कर्ता

पार्किन्सन्सच्या आजारातला कंप हात कामात असताना सहसा दिसत नाही. हात मांडीवर निवांत पडला की तो सुरू होतो. अंगठा शेजारच्या बोटांच्या पेरांवर मागेपुढे सरकत राहतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, एकाच लयीत. जुने औषधविक्रेते बोटांत गोळ्या वळत, त्या हालचालीवरून पाश्चात्त्य वैद्यकाने या कंपाला नाव दिले. कोकणातल्या पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा असा हात पाहिला तर आधी आठवते ती जपमाळ. त्याच हाताने तांब्या उचलला की कंप थांबतो किंवा कमी होतो, तांब्या खाली ठेवला की परत येतो, आणि झोप लागली की नाहीसा होतो. लंडनमधल्या हॉक्स्टनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांच्या आधारे या आजाराचे वर्णन लिहिले. त्या सहांतले काही तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिले होते. तरीही कंप विश्रांतीत येतो, ही गोष्ट त्यांनी नेमकी टिपली.

वैद्यकाला ती लक्षण म्हणून पुरली. धर्मविचारापुढे मात्र तिने एक जुना प्रश्न अवघड करून ठेवला. देह हलतो आहे आणि ज्याचा देह आहे तो म्हणतो, ‘मी हलवत नाही’. मग हलवतो कोण? रायगडच्या किनाऱ्यावर, मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत, या प्रश्नाची तयार उत्तरे अनेक आहेत. कोळीवाड्यात देव्हाऱ्यापुढे घुमणारे अंग हे एक उत्तर. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ पासून चालवलेल्या बैठकीतून घरोघरी गेलेला दासबोध हे दुसरे. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी सांगितलेला ‘आत बसलेला देव’ हे तिसरे. मुरूड-म्हसळ्याच्या कोकणी मुसलमानांचा शाफई पंथ आणि त्याच्याशी जोडलेले कलामशास्त्र, म्हणजे इस्लामी धर्मतत्त्वचर्चा, हे चौथे. न करता झालेल्या हालचालीबद्दल या प्रत्येकाला काही म्हणायचे आहे. पार्किन्सन्सचा कंप, त्यातही त्याचे नेहमीपेक्षा वेगळे प्रकार, या उत्तरांची चांगलीच परीक्षा पाहतात.

हे वेगळे प्रकार आधी पाहायला हवेत, कारण सगळा वाद त्यांच्यावरच उभा आहे. पहिला प्रकार म्हणजे कंपच नसणे. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना कंप येत नाही. त्यांचा आजार ताठरपणा आणि मंदगतीतून दिसतो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य शार्को यांनी ‘कापरा लकवा’ हे नाव बाजूला सारून पार्किन्सनचे नाव पुढे केले, त्यामागे हेही एक कारण होते. दुसरा प्रकार पुन्हा उगवणाऱ्या कंपाचा. दोन्ही हात पुढे ताणून धरले की पहिले काही क्षण ते स्थिर राहतात आणि मग विश्रांतीतलाच कंप त्याच लयीत त्यांच्यावर चढतो. आरतीच्या वेळी हे स्पष्ट दिसते. नीरांजन उचलताना हात स्थिर असतो, पहिले कडवे संपेपर्यंत ज्योत हलू लागते, आणि शेजारचा माणूस ‘द्या, मी धरतो’ म्हणून पुढे होतो. तिसरा प्रकार हनुवटीचा, ओठाचा, जिभेचा, एका पायाचा. हनुवटी थरथरते तेव्हा बघणाऱ्याला वाटते की माणूस आता रडणार, आणि त्याला तर रडू येत नसते. चौथा प्रकार सर्वांत विलक्षण. पोटात, छातीत, मांडीत आतून थरथर जाणवते, पण बाहेरून काहीच हलत नाही. हात ठेवून पाहणाऱ्यालाही ती लागत नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४४ टक्के रुग्णांनी असा आतला कंप सांगितला, आणि बाहेरच्या कंपाशी त्याचा मेळ बसत नव्हता.

मनाचा आणि या कंपाचा संबंधही सरळ नाही. मनावर ताण आला, कुणी टक लावून पाहिले, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले, की निवांत हाताचा कंप वाढतो. डॉक्टर तपासताना ही युक्ती मुद्दाम वापरतात. म्हणजे इच्छेने हात वापरला तर कंप दबतो, आणि मन दुसरीकडे गुंतले तर तो उसळतो. याच्या अगदी उलट वागणारा एक कंप आहे. त्याला डॉक्टर कार्यात्मक कंप म्हणतात. त्यात मज्जापेशी झिजलेल्या नसतात. रुग्णाचे लक्ष दुसरीकडे वळले की कंप थांबतो, आणि दुसऱ्या हाताने ठेका धरायला लावला की थरथरणारा हातही तो ठेका उचलतो. हे सोंग नसते. हालचाल रुग्णाच्या लक्षावर पोसली जाते, तरीही ‘ही माझी’ असे त्याला वाटत नाही. दोन्ही रुग्ण एकच वाक्य बोलतात, ‘मी करत नाही’. पण त्या वाक्याखाली शरीरात घडते ते सर्वस्वी वेगळे.

भारतीय तत्त्वज्ञानात हाताच्या हालचालीचा सर्वांत जुना आणि सर्वांत काटेकोर विचार कणादाच्या वैशेषिक सूत्रांत आहे. पाचव्या अध्यायाच्या आरंभी तो उखळ आणि मुसळ घेऊन बसतो. हात वर जातो त्याला दोन कारणे लागतात, आत्म्याशी संयोग आणि प्रयत्न. हाताने धरलेले मुसळ वर जाते ते हाताच्या संयोगाने. पण मुसळ उखळात आदळून उसळते, तेव्हा त्या उसळीला हात कारण नाही. आणि मुसळाबरोबर हातही वर उसळतो, त्याला आत्म्याचा प्रयत्न कारण नाही. हात तोच, दिशा तीच, उंचीही जवळपास तीच. एक हालचाल कर्त्याची आणि दुसरी आघाताची. भात कांडणाऱ्या बाईला हा फरक हातात कळतो, त्यासाठी दर्शन शिकावे लागत नाही. पुढे झोपलेल्या माणसाच्या हालचालीचाही विचार आहे, आणि तिथेही प्रयत्न नाही असेच सांगितले आहे. भाष्यकार प्रशस्तपादाने प्रयत्नाचेच दोन भाग केले. इच्छा किंवा द्वेषातून उठणारा एक, आणि नुसत्या जगण्यातून चालणारा दुसरा, ज्यामुळे झोपेतही श्वास चालू राहतो.

या चौकटीत पार्किन्सन्सचा कंप बसवू गेले की अडचण होते. तो इच्छेतून येत नाही, हे उघड आहे. तो जगण्याला आधार देणाऱ्या श्वासासारखाही नाही. बाहेरून आघात करणारे मुसळ कुठे दिसत नाही. झोपेतल्या हालचालीसारखा तो म्हणावा, तर झोपेत तो नेमका थांबतो. आणि कणादाच्या हिशेबात प्रयत्न असला की कर्त्याचे कर्म होते, प्रयत्न नसला की होत नाही. इथे प्रयत्न आला की कंप मावळतो, प्रयत्न गेला की उगवतो. पुन्हा उगवणाऱ्या कंपात तर एकाच हातात, एकाच क्षणी दोन कर्मे असतात. हात पुढे धरून ठेवणे हे आत्म्याच्या प्रयत्नाने, आणि धरलेला तोच हात हलणे हे त्याशिवाय. कणादाचा विचार यामुळे चुकीचा ठरतो असे नाही. त्याने हालचालीची मालकी अवयवाप्रमाणे न लावता कारणाप्रमाणे लावली, आणि ही रीत इथेही उपयोगी पडते. फक्त आघात करणारे मुसळ कवटीच्या आत आहे, एवढे त्यात घालावे लागते. मेंदूच्या बुडाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात आणि लहान मेंदू, थॅलॅमस आणि मेंदूचे कवच यांना जोडणारे वर्तुळ एका लयीत अडकते. ताठरपणा जितका डोपामिनच्या उणिवेशी बांधलेला आहे तितका कंप नाही, म्हणून लेव्होडोपा या औषधाने चाल सुधारलेल्या काही रुग्णांचा हात मात्र हलतच राहतो.

कलामशास्त्रात हा विषय आणखी थेट आला आहे, आणि कोकणच्या किनाऱ्याला तो परका नाही. इथल्या मुसलमानांचा फिकह, म्हणजे आचारशास्त्र, समुद्रमार्गे आलेला शाफई, आणि शाफई परंपरेत अकीद्याच्या, म्हणजे श्रद्धातत्त्वांच्या, बाबतीत अबुल हसन अल-अशअरी यांचे मत मोठ्या प्रमाणावर मानले गेले. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेल्या अशअरींपुढे पेच असा होता की प्रत्येक गोष्टीचा निर्माता अल्लाह असेल, तर माणसाच्या कर्माचा निर्माताही तोच. मग माणसाला जाब कशाचा विचारायचा? या जागी त्यांनी उदाहरण घेतले ते लकव्याने कापणाऱ्या आणि हिवतापाने थडथडणाऱ्या माणसाचे. आपण होऊन येणे-जाणे आणि असे कापणे, या दोन्ही हालचाली अल्लाहनेच निर्माण केलेल्या. तरीही दोहोंतला फरक माणसाला स्वतःच्या आत, पुराव्याशिवाय कळतो. पहिलीत सामर्थ्य असते आणि ती त्याची ‘कस्ब’, म्हणजे कमाई होते. दुसरी नुसती घडते. हिशेब कमाईचा, घडण्याचा नाही. अशअरींच्या टीकाकारांना ही कस्ब नेहमीच हातातून निसटणारी वाटली, आणि ते खोटे नाही. पण कंपाचा रुग्ण दोषी नाही हे ठरवायला त्यांना एक वाक्यही जास्त खर्चावे लागले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांच्या विचारात कंप हा वादाचा विषय नसून वादाचा पाया होता.

गावातला प्रश्न मात्र सहसा कर्त्यापासून सुरू होत नाही. तो साक्षीपासून सुरू होतो. हलणारे अंग कशाची साक्ष देते? किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी वस्त्यांत अंगात येणे, वारे येणे, घुमणे हे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला गेलेले कुटुंब असो की नवरात्रातला घरचा देव्हारा, अंग थरथरू लागले की जमलेली माणसे समजतात की आता बोलेल ती देवी. या थरथरीला सुरुवात असते, शेवट असतो, ढोलाचा ठेका असतो, विचारणारा असतो आणि कौल असतो. अंगारा लावला, पाणी शिंपडले, की ती उतरते. पार्किन्सन्सच्या कंपाला यातले काहीच नाही. तो गर्दीची वाट पाहत नाही, बोलत नाही, उतरत नाही. म्हणूनच घरातली जाणती माणसे त्याला वारे समजत नाहीत. ‘हाताला कापरं भरलंय’, ‘वात आहे’, ‘नसेचं आहे’ असे म्हणतात. घोळ होतो तो पहिल्या काही महिन्यांत, कंप एकाच हाताला असताना आणि चेहरा बदलू लागलेला असताना. तेव्हा ‘बाहेरचं’ म्हणून भगताकडे फेऱ्या होतात आणि डॉक्टरकडे जायला उशीर होतो. अंगात दैवी शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना घाबरवणे किंवा नाडणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. कायद्याचा रोख फसवणाऱ्यावर आहे. ज्याचे अंग खरोखर त्याला न विचारता हलते, त्याच्याबद्दल कायदा बोलत नाही आणि बोलण्याचे त्याला कारणही नाही. घुमणाऱ्या प्रत्येकाला ढोंगी ठरवणाऱ्या सुधारकांनी कार्यात्मक कंपाचे वर्णन मात्र अवश्य वाचावे. लक्षावर पोसलेली, ठेक्याला वश होणारी, तरीही आपली न वाटणारी हालचाल ही वैद्यकाला माहीत असलेली गोष्ट आहे.

भक्तिपरंपरेने थरथरीला आणखी वरचे स्थान दिले. भरताच्या नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव संतसाहित्यात प्रेमाची खूण म्हणून आले. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. मन एकाग्र झाल्याशिवाय ही लक्षणे उमटत नाहीत, असे भरताचे म्हणणे. म्हणून तर त्यांना सात्त्विक म्हटले. कीर्तनात एखाद्याचे अंग कापले, कंठ दाटला, पाय जागीच थिजले, तर बघणारे हात जोडतात. आता हीच यादी पार्किन्सन्सच्या रुग्णाशेजारी ठेवून पाहावी. चालता चालता उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबणे हा स्तंभ. एकाएकी घामाने भिजणे हा स्वेद. आवाज क्षीण, एकसुरी होणे हा स्वरभेद. हात-हनुवटीचा कंप हा वेपथु. आठांतले चार भाव इथे भावाशिवाय हजर आहेत. त्याउलट, जिथे भाव खरोखर असतो तिथे खूण गायब असते. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे चेहरा मुखवट्यासारखा होतो, पापण्या कमी लवतात. विठ्ठलाच्या अभंगाने आतून हललेला माणूस बाहेरून कंटाळल्यासारखा दिसतो. नातवंडे म्हणतात, ‘आजोबांना काही वाटतच नाही.’ वाटते, ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही.

देहावरच्या खुणा वाचून आतला भाव ओळखण्याची रीत इथे दोन्ही बाजूंनी कोसळते, आणि या आजाराने धर्मविचारात केलेली ही सर्वांत मोठी मोडतोड आहे. हलणारा हात देव आल्याची साक्ष देत नाही, भक्तीची देत नाही, भीतीची किंवा मनातल्या पापाचीही देत नाही. स्थिर चेहरा श्रद्धा आटल्याची साक्ष देत नाही. या रुग्णांची धार्मिकता कमी होते का, असा अभ्यासही अमेरिकेत पॅट्रिक मॅक्नामारा यांनी २००६ च्या सुमारास केला आणि ती कमी आढळल्याचे लिहिले. उत्साह आणि पुढाकारच आटवणाऱ्या आजारात मंदिरात जाणे कमी झाले, तर ते श्रद्धेचे माप म्हणता येईल का, ही शंका अशा निष्कर्षाला कायम चिकटलेली राहणार.

पांडुरंगशास्त्रींच्या विचारापुढे कंप वेगळी अडचण उभी करतो. त्यांच्या स्वाध्याय चळवळीतली त्रिकाल संध्या साधी आहे. सकाळी उठल्यावर तळहात पाहून, जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी अशी तीनदा देवाची आठवण. तीन वेळांना तीन दाने जोडलेली, स्मृतिदान, शक्तिदान आणि शांतिदान. झोपेतून उठल्यावर ‘मी तोच’ ही आठवण कोण परत देतो? खाल्लेल्याचे रक्त कोण करतो? झोप कोण आणतो? यातले काहीच माणूस करत नाही, म्हणून हे करणारा आत कोणीतरी आहे, हा त्या मांडणीचा गाभा. किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत स्वाध्याय रुजला त्याचे एक कारण हा युक्तिवाद कुणालाही कळतो, हे असावे. पण आपोआप चालणारे सगळे त्या आतल्या देवाच्या नावे जमा केले, तर आपोआप हलणारा हातही त्याच खात्यात जातो. सकाळी पाहायचा तळहातच थरथरतो आहे. हृदयाचे ठोके त्याचे आणि कंप मात्र मेंदूचा, अशी वाटणी सोयीची आहे, पण ती युक्तिवादातून निघत नाही. प्रामाणिक उत्तरे दोनच आहेत. एक तर देह चालण्याला आधार देव देतो, पण देहातल्या प्रत्येक हालचालीचा हेतू त्याच्याकडे लावायचा नाही. म्हणजे युक्तिवाद थोडा मागे घ्यायचा. किंवा कंपही त्याचाच म्हणून स्वीकारायचा आणि ‘का’ हा प्रश्न उघडा ठेवायचा. रुग्णांच्या बोलण्यात दुसरे उत्तर जास्त ऐकू येते. झोपेत कंप थांबतो, हे शांतिदानाच्या बाजूने मांडता येते. पण एका बाजूचा पुरावा घेतला की दुसऱ्या बाजूचाही घ्यावा लागतो.

दासबोधाची वाट निराळी. तिसऱ्या दशकात समर्थ तीन ताप सांगतात, आणि आध्यात्मिक तापाच्या समासात शरीराच्या व्याधींची लांबच लांब यादी येते. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत हा ग्रंथ लिहिला गेला अशी परंपरा आहे. समर्थांनी देहाचे दुखणे आध्यात्मिक तापात घातले, देवाच्या कोपात नाही. दैवी शिक्षेचा, यमयातनेचा भाग आधिदैविक तापात येतो, आणि तो मेल्यानंतरचा. बैठकीला वर्षानुवर्षे जाणाऱ्या घरांतही कंपाला ‘मागच्या जन्मीचं’ म्हटले जाते, तेव्हा ग्रंथातली ही विभागणी बाजूला पडलेली असते. प्रारब्धाचा सिद्धांत दासबोधातही आहेच. पण प्रारब्ध सगळ्याच गोष्टींना लागू असेल, तर ते नेमक्या एका आजाराचे स्पष्टीकरण ठरत नाही. शेजाऱ्याचा धडधाकट हातही प्रारब्धाचाच असतो.

न समजलेल्या कारणाला नाव देण्याची सवय कणादालाही होती. लोहचुंबकाकडे सुई सरकते त्याचे कारण त्याने ‘अदृष्ट’ म्हणून सांगितले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली, आणि तेव्हापासून सुईचे ते अदृष्ट तिथे रोज मोजले जाते. कंपाच्या बाबतीतही तसेच काहीसे झाले. आयुर्वेदाने त्याला वातात घातले आणि कपिकच्छूचे बी त्याच्या उपायांत आणले. ही कपिकच्छू म्हणजे कोकणात पावसाळ्यानंतर कुंपणांवर लोंबणारी आणि अंगाला लागली तर जीव नकोसा करणारी खाजकुयली. तिच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली दाखवले, आणि त्यानंतर तीस वर्षांनी तेच द्रव्य या आजाराचे मुख्य औषध झाले. बियांतले प्रमाण कमीजास्त असते, त्यामुळे गोळ्या चालू असताना ते चूर्ण परस्पर घेणे धोक्याचे. कारण हाती लागल्यावर अदृष्ट मागे सरकते. ‘मलाच का’ हा प्रश्न मात्र त्याबरोबर सरकत नाही, कारण तो मुळात कारणाचा प्रश्न नव्हता.

आतल्या कंपापाशी वेदान्ताची पाळी येते. शांकर विचारात जे दिसते, जाणवते, ते दृश्य. ज्याला ते जाणवते तो साक्षी. हात दृश्य, हाताचा कंपही दृश्य, कंपाची लाज वाटते ती वृत्तीसुद्धा दृश्य. साक्षी हलत नाही. बाहेरून कुणालाही न दिसणारा, फक्त आत जाणवणारा कंप हे या विचाराचे जणू मुद्दाम घडवलेले उदाहरण वाटावे. पाहणारा एकच, आणि त्याच्याशिवाय त्या कंपाला अस्तित्वच नाही. घरचे म्हणतात ‘काही हलत नाहीये’, तपासणारा म्हणतो ‘काही दिसत नाही’, आणि रुग्णाला तो भासही म्हणवत नाही. अशअरींनी ज्या आतल्या जाणिवेवर सगळा भार टाकला, ती इथे एकटी उभी आहे.

पण ही जाणीवही नेहमी विश्वासार्ह नसते. लेव्होडोपा बरीच वर्षे घेतल्यावर काहींच्या अंगाला वळवळणाऱ्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. घरच्यांना त्या सतत दिसतात आणि रुग्ण मात्र ‘मी तर स्वस्थ बसलोय’ असे सांगतो. खोटे बोलत नाही. त्याला त्या जाणवतच नाहीत. काहींना मागे कोणी उभे असल्याची ठाम जाणीव होते, वळून पाहावे तर कोणी नाही. कोकणात अशा अनुभवाचा अर्थ लावायला माणसे आणि गोष्टी कमी नाहीत. वेदान्ती म्हणेल की हेही अंतःकरणाचे विकार आहेत आणि अंतःकरणही दृश्यच. म्हणणे सुसंगत आहे, आणि दुखण्यात असलेल्या माणसाला त्याचा आधारही वाटतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. साक्षीला काही लागत नाही, तसेच साक्षी काही करतही नाही. चूक, पश्चात्ताप, वचन पाळणे हे सगळे अंतःकरणात घडते. आजार तिथे पोचला तर साक्षीकडे बोट दाखवून जबाबदारीचा प्रश्न सुटत नाही.

आणि आजार, निदान त्याचे औषध, तिथे पोचते. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे डोपामिनची नक्कल करतात. ती घेणाऱ्या काहींना जुगाराचा, अवाजवी खरेदीचा, खाण्याचा किंवा कामवासनेचा अनावर ओढा सुरू होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात सुमारे १४ टक्क्यांना यातला एखादा त्रास होता. आयुष्यभर लॉटरीचे तिकीट न घेतलेला माणूस पेन्शन उडवतो. हा कंप नाही. इथे इच्छा आहे, प्रयत्न आहे, लपवाछपवीची हुशारीही आहे. कणादाच्या कसोटीने हे पूर्ण कर्म ठरते, अशअरींच्या कसोटीने पूर्ण कमाई. तरी गोळी कमी केली की ओढा ओसरतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, त्यांतही कर्तेपणाचा अहंकार सैल करण्यावर भर आहे. कर्ता हा पाचांतला एक, एकटा नाही, हे तिथे सहसा नम्रतेसाठी सांगितले जाते. वरच्या प्रकरणात तेच वाक्य न्यायनिवाड्याच्या उपयोगाचे ठरते. करणच बदलले असेल तर कर्त्याचा वाटा कमी होतो, शून्य होतो असे नाही. ओढा औषधाचा आहे हे कळल्यावर डॉक्टरांना सांगणे, पैशाचे व्यवहार मुलांच्या हाती देणे, एवढे कर्त्याकडे उरतेच. कर्तेपण असते किंवा नसते असे दोनच कप्पे करणाऱ्या विचारापेक्षा वाटे घालणारा विचार या आजाराला जास्त नीट लागू पडतो.

राहिला कर्मकांडाचा भाग, आणि त्यात हिंदू आणि मुसलमान या दोन्ही परंपरा तत्त्वचर्चेपेक्षा जास्त मोकळ्या आहेत. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा. अंगवैकल्य असलेल्याला यज्ञाचा अधिकार आहे का, हा प्रश्न तिथे येतो, आणि फळाच्या इच्छेने करायच्या काम्य कर्माला सगळी अंगे लागतात, पण नित्यकर्म जमेल तितके केले तरी होते, असा यथाशक्ती न्याय मीमांसकांनी लावला. घरची रोजची पूजा नित्यात मोडते. पळीतले पाणी तळहातावर येईतो निम्मे सांडले म्हणून आचमन राहत नाही, आणि नीरांजन मुलाने धरले म्हणून आरती मुलाची होत नाही. जपाचे काय? माळेशिवाय हलणारी बोटे जप करत नसतात, तसेच माळ हातात असून मणी नुसते थरथरीने सरकले तर तोही जप नव्हे. मोजणीच कंप वाढवत असेल तर मोजणी सोडून नाम घेता येते. टाळाचा ठेका तर उपकारकच असतो. बाहेरून लय मिळाली की अडलेली पावले सुटतात. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले, त्यांतही ठेक्याचा असाच उपयोग होतो.

शाफई फिकहात नमाजीने नमाजाबाहेरच्या तीन ठळक हालचाली सलग केल्या तर नमाज मोडते, हा प्रसिद्ध नियम आहे. कंपाने होणारी हालचाल त्यातून वगळलेली आहे. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर खुणेने. रोजा झेपत नाही अशा कायमच्या आजारात दर दिवसामागे एका गरिबाला जेवण देण्याचा, फिद्याचा मार्ग आहे. एकादशीच्या निर्जळी उपासात गोळ्याही सोडणाऱ्यांना अशी लेखी सूट सांगायला कोणी नसते, पण यथाशक्ती न्याय त्यांनाही लागू आहे. लेव्होडोपा एकाएकी बंद केले तर अंग ताठरून तीव्र ताप येण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. रोजच्या दिवसातही गोळीची वेळ आणि पूजा-नमाजाची वेळ जुळवून घेतली तर हात त्या वेळी पुष्कळ हलका असतो. प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यातून शोषले जाताना एकमेकांच्या आड येतात, म्हणून दुपारची गोळी माशांच्या कालवणाबरोबर न घेता जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी, असे डॉक्टर सांगतात.